चाळीची खोली आणि तपासनीस

आपल्या गावचे कोणी ना कोणी मुंबईला असतेच. कोकणातले असो, साताऱ्याकडचे असो, घाटावरचे असो. पूर्वी गिरणीत, गोदीत, नाहीतर नगरपालिकेच्या खात्यात त्यांची नोकरी असे. घरी पत्र आले की त्याच्या पाठीवर पत्ता असे: अमुक चाळ, अमुक मजला, खोली नंबर इतका. त्या पत्त्यावर आपण मनिऑर्डरीची वाट पाहिली, पोराला नोकरीसाठी धाडले, आजारी माणसाला दवाखान्यासाठी नेले. पण ती खोली राहण्याजोगी आहे की नाही, हे पाहण्याचे काम कोणाचे, असे आपण कधी विचारले होते का? भिंतीला तडा गेला, संडास तुंबला, खोलीत उजेड येईना, तर ते येऊन पाहील कोण? आणि पाहून गेल्यावर पुढे काय होईल?

आज त्या तपासनिसाची गोष्ट सांगायची आहे. सरकारच्या किंवा नगरपालिकेच्या पैशाने बांधलेल्या, कमी भाड्याच्या घरांत तपासणी कशी सुरू झाली, ती कोठे अडली आणि तिच्यातून शिकण्यासारखे काय आहे, एवढाच आजचा विषय.

सुरुवात १८९६ सालापासून करावी लागेल. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मांडवी बंदराजवळच्या वस्तीत माणसे तापाने आणि गाठीने मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगास यांनी हा प्लेग आहे असे ओळखले. मग शहराची पळापळ झाली. लाखो माणसे मुंबई सोडून आपापल्या गावी गेली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पणजोबांच्या त्या परतीच्या आठवणी सांगितल्या जात असत.

तोपर्यंत मुंबईत घरांची तपासणी नव्हती असे नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने आयुक्ताला घरात शिरून पाहणी करण्याचा, घाण काढण्याचा हुकूम देण्याचा, मोडकळीला आलेली इमारत उतरवून घेण्याचा अधिकार दिला होता. परंतु कायदा कागदावर असला तरी तो चालवणारे कोण? त्या काळी महापालिकेत मत होते ते कर भरणाऱ्यांना आणि पदवीधरांसारख्या थोड्या लोकांना. सभागृहात घरमालकांचे वजन मोठे. खोलीत राहणाऱ्या मजुराला मत नाही. तेव्हा मालकांच्या सभेने मालकांच्याच घरांत दोष काढावेत, अशी ती व्यवस्था होती. ती ढिली चालली यात नवल कसले?

प्लेग आला आणि ढिली तपासणी एकदम कडक झाली. पण कशी कडक? पथके दारात येत. आजारी माणूस लपवला आहे का ते पाहत. सामान बाहेर काढीत, कौले उतरवून खोलीत ऊन येऊ देत, भिंतीवर औषध मारीत. घर राहण्यास अयोग्य ठरले की भिंतीवर ‘यू एच एच’ अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवीत. अक्षरे रंगली म्हणजे माणसांनी बाहेर पडायचे. जायचे कोठे, हे ती अक्षरे सांगत नसत. पुण्यात तर १८९७ साली रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत शिरले. त्यातून लोकांचा जो संताप झाला आणि चापेकर बंधूंनी जे केले, ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचा पुन्हा पुन्हा उल्लेख येणार आहे. दोष घराचा होता. उजेड नाही, मोरीचे पाणी मुरते, माणसे दाटीने भरलेली, हे सगळे बांधणाऱ्याचे आणि भाडे घेणाऱ्याचे पाप. पण तपासणीत दोष सापडला की शिक्षा होई राहणाऱ्याला. त्याचेच घर जाई. म्हणून तपासनीस दिसला की लोक दार लावून घेऊ लागले. ही भीती आपल्या शहरांतून अजून पुरती गेलेली नाही.

प्लेगनंतर सरकारने १८९८ साली कायदा करून मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. घाणीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि गोरगरिबांसाठी चाळी बांधायच्या, असे त्याचे काम. आग्रीपाडा, चंदनवाडी, मांडवी-कोळीवाडा, परळ अशा ठिकाणी ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. इंग्रजी अक्षरांवरून लोक त्यांना बी.आय.टी. चाळी म्हणू लागले. परळच्या अशाच एका चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर सुमारे वीस वर्षे राहिले. तेव्हा या खोल्यांनी पुष्कळ मोठी माणसेही सांभाळली, हे विसरून चालणार नाही.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर नावाचे साहेब होते. खोलीत उजेड आणि हवा किती यावी, यावर त्यांनी व्याख्याने दिली. त्यांचा नियम साडेत्रेसष्ट अंशांचा म्हणून ओळखला जातो. शिक्षकांनी तो फळ्यावर काढून दाखवावा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढा. ती रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त उभी असता कामा नये. साध्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये निदान वीस फूट मोकळी जागा हवी. उंचीच्या निम्मी जागा. एवढे असले की तळमजल्याच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसतो.

हा नियम मला फार मोलाचा वाटतो. का म्हणाल, तर त्यात साहेबाच्या मर्जीचा प्रश्न नाही. दोरी आणि काठी घेऊन शाळेतला मुलगाही मोजू शकेल. ज्याचे मोजमाप राहणाऱ्यालाही करता येते, तीच खरी तपासणी. नाहीतर इन्स्पेक्टर म्हणेल तो उजेड आणि इन्स्पेक्टर म्हणेल तो अंधार!

पण ट्रस्टच्या कामात उणीव होती. वस्त्या पाडण्याचा वेग जास्त आणि नव्या खोल्या तयार होण्याचा वेग कमी. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या चाळींत शिरत आणि तेथे दाटी वाढे. शिवाय, भाडे घेणारा ट्रस्टच आणि चाळ नीट आहे की नाही हे पाहणाराही बव्हंशी ट्रस्टच. पुढे १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या चाळी महापालिकेच्या झाल्या. म्हणजे ज्या संस्थेचे इन्स्पेक्टर शहरभर दोष शोधत हिंडायचे, तीच संस्था आता स्वतः हजारो खोल्यांची मालक झाली.

त्याच सुमारास सरकारनेही चाळी बांधायला घेतल्या होत्या. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खाते निघाले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला आणि ६२५ चाळींत ५०,००० खोल्या बांधायच्या असा बेत केला. प्रत्यक्षात बांधल्या गेल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. ह्याच त्या बी.डी.डी. चाळी.

त्या वेळच्या मुंबईची स्थिती काय होती? १९२१ साली शहरात जन्मनोंद झालेल्या दर हजार मुलांमागे सुमारे ६६७ मुले वर्षाच्या आत दगावली, असा सरकारी आकडा आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर हा आकडा ८०० च्या वर गेला होता. त्यात एक मेख आहे. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी येत, त्यामुळे जन्माची नोंद गावी होई आणि मृत्यूची मुंबईत. म्हणून आकडा फुगलेला आहे. पण तो कितीही कमी करून धरला, तरी एका खोलीतले मूल आणि चार खोल्यांतले मूल यांच्या नशिबात केवढे अंतर होते, ते त्यावरून कळते.

अशा वेळी सरकारने खर्चाच्या मानाने कमी भाड्यात पक्की घरे दिली, ही मोठीच गोष्ट. परंतु बांधताना राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. भिंती काँक्रीटच्या, उन्हात तापणाऱ्या. नेहमीच्या खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या. गिरणीपासून वरळी लांब. मजुराला ते भाडेही जड वाटले. परिणाम असा झाला की शहरात लोक जिन्याखाली झोपत होते आणि वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून होत्या. १९३० नंतरच्या सत्याग्रहात तर वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणून चालते, यावरून ती कशी बांधली होती त्याची कल्पना करा.

आता विलायतेकडे थोडे पाहू, कारण आपले हे कायदे तिकडच्या नमुन्यावर झाले होते. तेथे १८९० च्या कामगार-घरांच्या कायद्यात एक छोटे कलम होते. रस्त्यावर किंवा जवळपास राहणाऱ्या चार कुटुंबप्रमुखांनी लेखी तक्रार केली की अमुक घर राहण्यास अयोग्य आहे, तर आरोग्य अधिकाऱ्याने ताबडतोब जाऊन ते पाहिलेच पाहिजे आणि आपले मत लिहून स्थानिक संस्थेकडे धाडले पाहिजे. संस्थेने तीन महिन्यांत काही केले नाही, तर पुष्कळ ठिकाणी त्याच चौघांना वरच्या मंडळाकडे दाद मागता येई. बघा, केवढी साधी तजवीज! इन्स्पेक्टरने केव्हा यायचे ते इन्स्पेक्टर ठरवीत नाही, चार शेजारी ठरवतात. आणि स्थानिक संस्था झोपली तर तिला हलवणारा कोणीतरी वर असतो.

आपल्याकडे चार शेजाऱ्यांना आवाज येण्याआधी मत यावे लागले. १९२२ साली महापालिकेच्या मतदारांत दरमहा दहा रुपये भाडे भरणारे भाडेकरू आले. गिरणी कामगाराची खोली बहुधा त्याहून कमी भाड्याची, म्हणून तो बाहेरच राहिला. सर्व प्रौढांना मत मिळून महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. त्यानंतर नगरसेवक चाळीत येऊन नळ, संडास, जिना यांची चौकशी करू लागले. मताची किंमत ती हीच.

स्वराज्यानंतर काय झाले? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या खोल्यांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. गरीब भाडेकरू वाचला. पण भाडे गोठले आणि सिमेंट, लाकूड, मजुरी महाग होत गेली. मालक म्हणू लागला, या भाड्यात दुरुस्ती कशाची करू? गिलावा पडला, तुळयांना वाळवी लागली, टेकू उभे राहिले. दर पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी साहाय्यित गृहयोजना काढली. तीत राज्य सरकारला खर्चाच्या निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज मिळे. या योजनेखाली वसाहती झाल्या. पण जुन्या चाळींचा प्रश्न तसाच राहिला.

तेव्हा बेडेकर समितीच्या शिफारशीनंतर १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशात सरकारची भर घालून मंडळाने दुरुस्ती करायची, अशी योजना. अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी लावायची, हा रिवाज तेव्हापासून पडला.

यादी लागते, नोटीस येते. तरी माणसे घर सोडत नाहीत. वर्तमानपत्रात वाचून आपण म्हणतो, काय हे अडाणी लोक, जीव धोक्यात घालतात! मंडळी, ते अडाणी नाहीत. त्यांनी हिशेब केलेला असतो. एकदा खोली सोडून संक्रमण शिबिरात गेलो की परत कधी येणार? तेथे वर्षांमागून वर्षे काढलेली कुटुंबे त्यांनी पाहिलेली असतात. खोलीवरचा हक्क जाईल, पोरांची शाळा तुटेल, ही भीती छपराच्या भीतीहून मोठी ठरते. म्हणून भिंतीचा तडा कॅलेंडराखाली झाकला जातो. प्लेगच्या पथकाला पाहून दार लावून घेणारा आणि तड्यावर कॅलेंडर टांगणारा, हे दोघे एकाच घरातले आजोबा-नातू समजा.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी माझगावच्या डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे मेली. ही चाळ काही शंभर वर्षांची नव्हती. सुमारे तीस वर्षांचीच होती. आणि ती कोणाची? महापालिकेची. राहणारेही महापालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची बायकामुले. शहरातल्या प्रत्येक धोकादायक इमारतीला नोटीस देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या घरात हे घडले. यात एका अधिकाऱ्याला दोष देऊन भागत नाही. आपल्याच घरात दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्चही आपल्यालाच, मग तो दोष काढण्याची घाई कोण करणार? मालक आणि तपासनीस एक झाले की डोळा आपोआप मिटतो.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो एका देशाने कायद्यात लिहूनही ठेवला आहे. अमेरिकेत १९७४ पासून गरीब कुटुंबाच्या घरभाड्याचा मोठा हिस्सा सरकार परस्पर मालकाला देते. ते काम स्थानिक गृहसंस्था पाहते. घर तपासून योग्य ठरल्याशिवाय पैसे सहसा सुरू होत नाहीत. जिवाला धोका असणारा दोष निघाला तर मालकाने २४ तासांत आणि इतर दोष बहुधा ३० दिवसांत काढायचा. न काढला तर सरकारी पैसा थांबतो. आणि तो थांबलेला हिस्सा मालकाला भाडेकरूकडून वसूल करता येत नाही. पुढे १९९८ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. घर त्या गृहसंस्थेच्याच मालकीचे असेल, तर तिने ते स्वतः तपासायचे नाही. तेथली नगरपालिका किंवा मान्यता दिलेली दुसरी संस्था ते तपासील. तिकडेही सगळे सुरळीत चालते असे नाही. मालक पैसे थांबले की कधी घरच योजनेतून काढून घेतात आणि भाडेकरूला दुसरे घर शोधावे लागते. पण नियमाची दिशा बरोबर आहे. दोषाचा पहिला भार मालकावर, आणि आपल्या घराचा निवाडा आपण करायचा नाही.

आता आपल्याकडच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी नव्या उंच इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना तो दिवस सणाचा वाटला, यात शंका नाही. पण इमारत नवी असली तरी पाऊस जुनाच असतो. तीस वर्षांनी तिचा तडा कोण पाहील, याची व्यवस्था आजच व्हायला हवी.

आपण म्हणाल, हे मुंबईचे झाले, आमच्या गावी त्याचे काय? आपल्या गावीही सार्वजनिक पैशाची घरे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राची निवासस्थाने, जिल्हा परिषदेची शिक्षक-निवासे, पोलिसांच्या लाइनी. कित्येक ठिकाणी ती गळतात आणि रिकामी असतात. त्यामुळे परिचारिका तालुक्याला राहते, गुरुजी रोज एस. टी. ने येतात आणि रात्रीच्या बाळंतपणाला किंवा संध्याकाळच्या अभ्यासाला कोणी हाताशी नसते. बोल मात्र त्यांना लागतो.

तेव्हा ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. हे घर शेवटचे कधी तपासले? तपासणारा आणि दुरुस्ती करणारा एकच होता का? तपासणीचा कागद राहणाऱ्याला मिळाला का? दुरुस्ती होईपर्यंत त्याची सोय कोठे आणि परत येण्याची हमी कोणाची? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने असे कागद मागण्याचा आपला हक्क आहे. आणि शिक्षकांनी एखाद्या दुपारी मुलांना दोरी-काठी देऊन आपल्याच शाळेच्या खोलीपासून समोरच्या भिंतीपर्यंतची जागा मोजायला लावावी. निम्मी भरते का बघावे. भूमितीचा धडा होईल आणि आपल्या डोळ्याने पाहायची सवयही लागेल.

ज्या दिवशी भाडेकरू तपासनिसाला हात धरून आत नेईल, भिंतीवरचे कॅलेंडर स्वतः उचलून म्हणेल, ‘साहेब, हा बघा तडा’, त्या दिवशी तपासणी खऱ्या अर्थाने सुरू झाली असे समजावे. आपला तो पुतण्या, भाचा, मुलगा त्या खोलीत राहतो. त्याच्या मनातली भीती काढणे, हे त्या खोलीच्या दुरुस्तीतले पहिले काम आहे.